मानवंदना स्तंभाला, पण परतलेल्या सैनिकाचे काय?

दरवर्षी १ जानेवारीला धाराशिव, कळंब, भूम, परांडा, उमरग्याहून गाड्या भरून आपण भीमा कोरेगावला जातो. १८१८ च्या लढाईत पडलेल्या शूरांची नावे कोरलेल्या स्तंभापुढे उभे राहतो. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले आणि विसरलेला इतिहास त्यांनी आपल्या हाती दिला. त्या मानवंदनेचा आम्हाला अभिमान आहे. पण एक प्रश्न आपण कधी विचारत नाही. जे पडले त्यांची नावे दगडावर आली. जे जिवंत परतले ते कुठे गेले? ते आपापल्या गावी गेले. आणि गावाने त्यांच्या हातात पुन्हा महारकीची काठी दिली.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. युद्धभूमीवरून परतलेल्या आपल्या सैनिकाचे पुनर्वसन हा पेन्शनच्या कागदापुरता प्रश्न नाही आणि केवळ मनाच्या आजाराचाही नाही. तो जातीचा प्रश्न आहे, म्हणून तो आपल्या चळवळीचा प्रश्न आहे. आणि चळवळ म्हणून आपण तो आजवर हातात घेतलेला नाही.

परतलेल्या सैनिकांनी चळवळ उभी केली

गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली सैन्यातून निवृत्त झाले. सन्मानाने दिवस काढावेत एवढी त्यांची अपेक्षा होती. गावाने आणि समाजाने ती पुरी केली नाही. तेव्हा त्यांनी लेखणी उचलली. १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेच्या धर्माधारालाच हात घातला. १८९५ साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तर सवर्णांनी आरडाओरड केली. ज्याने सरकारची बंदूक वाहिली, तो सरकारच्या बोर्डावर शेजारी बसलेला चालत नव्हता!

पुढे इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’चा सिद्धांत काढला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरतीच बंद केली. त्याविरुद्ध वलंगकरांनी अर्ज केले, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी विलायतेपर्यंत दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली आणि १९२१ साली पलटण मोडली. त्या जवानांना ‘आता घरी जा’ एवढेच सांगण्यात आले. घर म्हणजे काय? वेशीबाहेरचा महारवाडा. काम म्हणजे काय? सांगावा नेणे, अंमलदाराचे ओझे वाहणे, मेलेले ढोर ओढणे.

पण हे लोक गप्प बसले नाहीत. मार्च १९२७ मध्ये महाडला जी परिषद भरली, तिच्यात कोकणातले निवृत्त सैनिक पुढे होते. रांगेत चालणे, हुकूम पाळणे, जमाव सांभाळणे त्यांना येत होते. खुद्द बाबासाहेब हे सुभेदार रामजींचे पुत्र. लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेल्या बापाच्या शिस्तीत आणि अभ्यासात ते वाढले. म्हणजे परतलेल्या सैनिकाला जिथे दिशा मिळाली, तिथे त्याने चळवळीला कणा दिला. जिथे कुणी विचारले नाही, तिथे तो गावाच्या चाकरीत किंवा दारूत विरघळून गेला.

१९४१ साल आणि आपला जिल्हा

धाराशिवच्या तरुणांनी १९४१ हे साल पाठ करून ठेवावे. २२ आणि २३ फेब्रुवारीला बाबासाहेब आपल्या कसबे तडवळ्याला आले. परिषद होती महार-मांग वतनदारांची. वतन म्हणजे पिढीजात गुलामीची सनद, हे ते १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडल्यापासून सांगत होते. त्याच वर्षी ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या शिकवतो. आम्हाला त्या एकच वाटतात. गणवेश मिळाला आणि वतन तसेच राहिले, तर सैनिक सुट्टीवर आला की पुन्हा येसकर होणार. म्हणून बाबासाहेबांनी दोन्ही टोकांना हात घातला. सैनिक ज्या गावात परततो ते गाव बदलले नाही, तर त्याचे शौर्य एस.टी. स्टँडवरच संपते.

गाव आज बदलले आहे काय? वतन गेले, महारकी गेली. पण जून २०१६ मध्ये पांपोरच्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या सीआरपीएफच्या एका जवानाच्या अंत्यसंस्कारासाठी उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबाद जिल्ह्यातील त्याच्याच गावात उच्चजातीयांनी सार्वजनिक जागा द्यायला आधी नकार दिला, कारण तो नट समाजाचा होता. फेब्रुवारी २०२० मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात दलित जवान घोड्यावर बसला म्हणून त्याच्या वरातीवर दगड पडले. ‘ते उत्तरेत, आपल्याकडे नाही’ असे म्हणणाऱ्यांनी मराठवाड्यातले स्मशानभूमीचे वाद आठवावेत.

परत आल्यावर काय होते

सैन्यात जात नाही असे आम्ही म्हणत नाही. रेजिमेंटांची नावे वाचली तरी पुरे. पण पलटणीत एक लंगर असतो, एक पाणी असते, हुद्द्याला सलाम असतो. काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्समध्ये दोन-तीन वर्षे काढलेला शिपाई पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन गावी येतो. तिथे ज्याने त्याला सॅल्यूट ठोकायला हवा, तोच पोरसवदा ‘काय रे, सुटलास का?’ म्हणून हाक मारतो. जमीनदार जातीतला सैनिक परतला की त्याला बाप-भावांची शेती असते, ऊस असतो, सोसायटीत वजन असते. आपला परततो तो एका पत्र्याच्या घरात. पेन्शनीवर भावाचे कर्ज, बहिणीचे लग्न आणि पोरांचे शिक्षण असे तिघे दावेदार आधीच उभे असतात. मग तो पुण्याला एखाद्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहतो. काल सीमेवर पहारा, आज दुसऱ्याच्या गाड्यांना पहारा!

आणि मन? रात्री तीनला उठून दाराची कडी तपासणे. गर्दीत पाठ भिंतीला लावून उभे राहणे. फटाका वाजला की अंग घामाने भिजणे. लेकराने भांडे पाडले तर अंगावर धावून जाणे आणि मग तासभर गप्प बसणे. बायको म्हणते ‘स्वभाव तापट झालाय’, गाव म्हणते ‘पेन्शनीचा माज आलाय’. खरे तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. औषध मिळत नाही म्हणून कँटीनची रम औषध होते. आपल्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपासून आणि फटाक्यांपासून लांब, गल्लीच्या टोकाला एकटा उभा असलेला माजी सैनिक आपण पाहिला असेल. आपण त्याचा फोटो फ्लेक्सवर छापतो, पण तो तिथे का उभा आहे हे विचारत नाही.

मनाच्या आजारामुळे ज्याला सैन्याने बाहेर काढले त्याची अवस्था अधिक वाईट. ‘आजार जन्मजात आहे, नोकरीमुळे झालेला नाही’ असा शेरा मारून अपंगत्व पेन्शन नाकारली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग खटल्यात सांगितले की, भरतीच्या वेळी नोंदवलेला नसलेला आजार नोकरीतूनच आला असे आधी मानावे लागेल. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. २०२३ साली नियम पुन्हा बदलले, म्हणून आता प्रत्येक कागद जपणे अधिकच गरजेचे. हे आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

आता तिसरी लाट येते आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम होतील. बाकीचे सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन बाहेर. त्यातही निम्मा वाटा त्यांच्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही, माजी सैनिकांची आरोग्य योजना नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरत आहेत. दुष्काळी, ‘आकांक्षित’ म्हणून यादीत टाकलेल्या आपल्या जिल्ह्यात बावीस-पंचविशीतली ही पोरे परत येतील, शस्त्र चालवायला शिकलेली आणि हाताला काम नसलेली. त्यांना कोण बोलावून घेईल? आपण बोलावले नाही, तर धर्माच्या नावाने लाठ्या वाटणारे नक्की बोलावतील.

‘आपण तर बुद्धाचे लोक’

काही मित्र म्हणतात, आपण बुद्धाला शरण गेलेलो. सैन्याचा आणि आपला संबंध काय? त्यांनी विनयपिटकातला महावग्ग वाचावा. बिंबिसाराच्या सीमेवर बंडाळी झाली, तेव्हा लढाईला निघालेल्या काही योद्ध्यांना हिंसेचे ओझे नको झाले आणि ते संघात आले. राजाने तक्रार केली आणि राजसेवेतल्या माणसाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. म्हणजे युद्धाने भारलेले मन आसरा शोधत येते, हे संघाने अडीच हजार वर्षांपूर्वी पाहिले. तो आसरा आपले विहार देऊ शकतात. मात्र ‘ध्यान कर, बरे वाटेल’ एवढ्यावर भागत नाही. ध्यान करावे आणि डॉक्टरलाही दाखवावे.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी अमेरिकेत आयझॅक वुडर्ड हा काळा सैनिक गणवेशातच बसने घरी निघाला होता. पोलिसांनी मारून त्याचे दोन्ही डोळे फोडले. गोऱ्या ज्युरीने पोलीस प्रमुखाला निर्दोष सोडले. पण तिथल्या काळ्या संघटनांनी वुडर्डला एकटे सोडले नाही. देशभर सभा घेतल्या, आणि २६ जुलै १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढावा लागला. युद्धावरून परतलेला मेडगर एव्हर्स मतदानाला गेला तर त्याला हुसकावले. तोच पुढे मिसिसिपीच्या चळवळीचा नेता झाला. परतलेल्या सैनिकाचा अपमान हा त्यांनी सगळ्या समाजाचा प्रश्न केला.

मग आपण काय करायचे?

पहिले, प्रत्येक तालुक्यात आपल्या माजी सैनिकांची यादी करा. नाव, रेजिमेंट, पेन्शन चालू आहे की अडलेली, घरात कोण आजारी, एवढे पुरे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याला एकट्याला पाठवू नका, सोबत जा.

दुसरे, शासकीय नोकरभरतीत गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. अनुसूचित जातीच्या कोट्यातल्या माजी सैनिकांच्या जागा भरल्या जातात की ‘उमेदवार नाही’ म्हणून वळवल्या जातात, हे प्रत्येक जाहिरातीत तपासा. अग्निवीरांना माजी सैनिक मानावे, ही मागणी आतापासून लावून धरा.

तिसरे, १९७१ च्या सरकारी जमीन वाटप नियमांत माजी सैनिकांसाठी तरतूद आहे. गायरानाच्या लढ्यात ही मागणी जोडा.

चौथे, मनाच्या आजाराची लाज सोडा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येते. तो विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. सैनिकाच्या बायकोला आणि आईला आधी सांगा, कारण पहिला मार त्या खातात.

पाचवे, त्यांना काम द्या. समता सैनिक दलाची शिस्त, भरतीच्या पोरांचा सराव, अभ्यासिका, जयंतीचा बंदोबस्त हे सारे त्यांना आपल्यापेक्षा चांगले येते. आणि जयंतीत निदान विहारासमोर डीजे व फटाके बंद ठेवा; बाबासाहेब त्याने लहान होत नाहीत.

येत्या १ जानेवारीला स्तंभाकडे गाड्या निघतीलच. निघण्याआधी प्रत्येक गाडीने आपल्या गावातल्या एका परतलेल्या सैनिकाचे दार वाजवावे, एवढे आमचे सांगणे आहे.

जय भीम!