मदतीचे तिकीट आणि घरचा हिशेब

वर्षातून एकदोनदा तरी बहुतेक घरांच्या दारावर ही थाप पडते. दारात गल्लीतलाच, आपल्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झालेला मुलगा उभा असतो. हातात तिकिटांचे पुस्तक. "काकू, साहेबांनी खास तुमच्यासाठी चार काढून ठेवायला सांगितली आहेत. पूरग्रस्तांच्या मदतीसाठी संगीत रजनी आहे. मोठे कलाकार येणार आहेत." काकूंना पूरग्रस्तांची कळकळ असते, कलाकारही आवडत असतात, आणि उद्या नळाला पाणी आले नाही तर याच मुलाला हाक मारावी लागणार, हेही ठाऊक असते. त्या मुकाट्याने कपाटाकडे वळतात. संध्याकाळी काका घरी येतात आणि विचारतात, "हे पैसे गाण्याचे दिले, पूरग्रस्तांचे दिले की साहेबांचे?"

काकांचा प्रश्न खवचट वाटला तरी रास्त आहे. राजकीय पक्षाने, नेत्याने किंवा एखाद्या चळवळीने मदतीसाठी ठेवलेल्या कार्यक्रमाला जाणे ही काही नुसती करमणूक नसते आणि नुसते दानही नसते. दोन्हीची खिचडी असते, आणि खिचडीत डाळ किती, तांदूळ किती हे शिजल्यावर सांगता येत नाही.

आधी खर्चच पाहू. समजा, तिकीट आठशे रुपयांचे. चौघांचे बत्तीसशे झाले. जाता-येता रिक्षा, परतीची तर मागेल त्या भाड्याने, कारण रात्री बारा वाजता मैदानाबाहेर रिक्षावाल्याशी हुज्जत घालायची हिंमत कोणात असते? घरून नेलेली पाण्याची बाटली दरवाजावर काढून घेतात, म्हणून आत दुप्पट किमतीची विकत. धाकट्याला भूक लागते, त्याचे वडापाव. दुसऱ्या दिवशी एकाची शाळा बुडते, दुसऱ्याला ऑफिसात डुलक्या. पाच हजार रुपये असे सहज जातात, आणि त्यातले पूरग्रस्तांपर्यंत किती पोहोचले, याचा पत्ता नसतो. मंडप, ध्वनिक्षेपक, दिवे, कलाकारांची बिदागी, साहेबांच्या छायाचित्रांचे फलक हे सारे आधी वजा होते आणि उरलेले मदतीला जाते. उरले तर.

परदेशात एकदा ही खिचडी चक्क वेगळी करून दाखवली होती. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळासाठी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर 'लाइव्ह एड' हा प्रचंड कार्यक्रम झाला. तिकीट होते २५ पौंडांचे. त्यातले ५ पौंड तिकिटाचे आणि २० पौंड देणगी, अशी उघड फोड केलेली होती. घेणाऱ्याला कळत होते की गाणे पाचाचे आहे आणि दान विसाचे. आपल्याकडच्या तिकिटावर अशी एक ओळ छापायला फार शाई लागणार नाही, पण ती छापलेली क्वचितच दिसते.

मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झाले. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका रंगमंचावर आल्या त्या टिळक स्वराज्य फंडासाठी. काँग्रेसने त्या वर्षी या फंडासाठी एक कोटी रुपये जमवायचे ठरवले होते. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर तर टिळकांच्याच 'केसरी'तले. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा चढे होते, तरी माणसे लोटली. त्यांतला प्रत्येक जण स्वराज्यासाठीच आला असेल, असे मला वाटत नाही. काही जण निव्वळ गाण्यासाठी आले असतील, आणि त्यात वावगे काय? पैसा कशासाठी आहे हे मात्र सर्वांना उघड माहीत होते. पुढे तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर रोजी, केशवराव वारले. त्या रात्री ज्यांनी तिकिटासाठी खिसा रिकामा केला, त्यांना तो सौदा महाग वाटला नसावा.

आता पंचाहत्तर वर्षे पुढे येऊ. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकेल जॅक्सन नाचला. कार्यक्रम होता शिव उद्योग सेनेच्या मदतीसाठी. बेरोजगार तरुणांना काम मिळवून देण्यासाठी राज ठाकरे यांच्या पुढाकाराने ही संघटना निघाली होती. राज्यात सरकार शिवसेना-भाजप युतीचे होते आणि त्या सरकारने कार्यक्रमाला करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायत या माफीविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. कराची रक्कम, सुमारे ३ कोटी ३४ लाख रुपये, अडकून पडली. २०११ मध्ये न्यायालयाने सरकारला माफीचा निर्णय पुन्हा नीट विचार करून घ्यायला सांगितले. त्यानंतरही दहा वर्षे गेली. जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुन्हा माफी मंजूर केली आणि पैसे आयोजक कंपनीला परत करण्याचा मार्ग मोकळा झाला. तेव्हा मुख्यमंत्री होते उद्धव ठाकरे. दरम्यान, जॅक्सन २००९ मध्येच जग सोडून गेला होता.

या प्रकरणात मला जॅक्सनच्या नाचापेक्षा ग्राहक पंचायतीचा मुद्दा मोलाचा वाटतो. मैदानात जो गेला त्याने आपल्या हौसेने तिकीट घेतले. त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण कर माफ झाला की तेवढे पैसे सरकारी तिजोरीत येत नाहीत, आणि तिजोरी सर्वांची असते. गडचिरोलीच्या ज्या शेतमजुराने जॅक्सनचे नावही ऐकले नव्हते, त्याचाही त्या कार्यक्रमाला हातभार लागतो, तोही त्याला न विचारता. मदतीच्या कार्यक्रमाला सरकारी सवलत, फुकट मैदान, पोलिसांचा बंदोबस्त मिळतो तेव्हा घरी बसलेल्यांचेही तिकीट फाटलेले असते. करमणूक कर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करात विलीन झाला, पण बाकीच्या सवलती कुठे गेल्या?

न गेलेल्यांनी पैसे भरले की ते नेहमी वाईटच, असे मात्र नाही. १९७१ आठवा. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. त्या नोव्हेंबरपासून आपल्या टपालावर पाच पैशांचे निर्वासित साहाय्याचे जादा तिकीट लावावे लागे. आज सत्तरीत असलेल्या वाचकांनी ते चिकटवलेले असेल. सरकारने कर लावला, कारण सांगितले, सर्वांनी सारखे पाच पैसे दिले.

त्याच वर्षी १ ऑगस्टला (योगायोगाने लोकमान्यांच्या पुण्यतिथीला) न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश' केली. दोन खेळ, सुमारे चाळीस हजार श्रोते. रविशंकरांबरोबर सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ. वाद्ये जुळवून होताच टाळ्यांचा कडकडाट झाला. सूर लावणेच इतके आवडले तर वादन आणखी आवडेल, अशी आशा पंडितजींनी मिस्कीलपणे व्यक्त केली! तिकिटांचे २ लाख ४३ हजारांवर डॉलर युनिसेफकडे गेले. ध्वनिमुद्रिकांतून त्याहून कितीतरी जास्त मिळाले. पण करमाफीची व्यवस्था आधीच रीतसर करून ठेवलेली नसल्याने त्यातले लाखो डॉलर अमेरिकेच्या करखात्याकडे अनेक वर्षे अडकून पडले. ज्यांच्यासाठी ते जमवले, ती मुले तोवर मोठी झाली.

मग ती मैफल वाया गेली का? मुळीच नाही. बांगलादेश नावाच्या देशाला तेव्हा कोणत्याही मोठ्या राष्ट्राची मान्यता नव्हती. भारताने ती दिली ६ डिसेंबरला. अमेरिकेचे सरकार तर पाकिस्तानच्या बाजूने होते. त्याच अमेरिकेत हे नाव फलकावर झळकले आणि चाळीस हजार माणसे त्या नावाखाली येऊन बसली. पैशाने जे लगेच झाले नाही, ते हजेरीने झाले. राजकीय कार्यक्रमातली हजेरी हीसुद्धा देणगीच असते. साहेबांनाही हे पक्के ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात भरलेल्या मैदानाचे छायाचित्र येते, तेव्हा त्यात तुमचेही डोके मोजलेले असते. म्हणून तिकीट फुकट मिळाले तरी जाण्यापूर्वी विचार करावा, असे मी म्हणेन.

पैशाची शिस्त पाहायची असेल तर सामाजिक कृतज्ञता निधीची आठवण काढावी लागेल. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या कलावंतांनी आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग त्यासाठी केले. डॉ. नरेंद्र दाभोलकरही त्या उद्योगात होते. जमलेली रक्कम मुद्दल म्हणून राखून ठेवायची आणि तिच्या व्याजातून पूर्णवेळ काम करणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचे, अशी साधी योजना. प्रेक्षकाला अत्र्यांचे विनोद ऐकून पोट धरून हसायला मिळाले आणि त्याचा रुपया वर्षानुवर्षे कामाला राहिला.

तेव्हा काकूंनी काय करावे? माझ्या मते तिकीट हातात घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. मदत कोणत्या नावाच्या संस्थेला जाणार, आणि पावती कोणाच्या नावाची मिळणार? पूरग्रस्तांसाठीच द्यायचे असेल तर मदतनिधीला सरळ धनादेश द्यावा. पावती तर मिळतेच, नियमात बसत असेल तर प्राप्तिकरातही सूट मिळते. पक्षावर श्रद्धा असेल तर पक्षालाच उघड देणगी द्यावी. तीही धनादेशाने, कारण रोख दिलेल्या देणगीवर करसवलत नाही. राजकीय पक्षांना वीस हजार रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव निवडणूक आयोगाला कळवावे लागत नाही, हेही माहीत असू द्यावे. तिकिटांची पुस्तके गल्लोगल्ली का फिरतात, याचे थोडे उत्तर त्यात आहे.

आणि गायक खरोखरच आवडता असेल तर? एरवी त्याच्या मैफलीला जेवढे मोजले असते तेवढ्याचे तिकीट असेल, तर बेलाशक जावे. मदत, साहेब, फलक सारे विसरून गाणे ऐकावे. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने हट्ट धरला तर तिलाही अडवू नये. फक्त तिकीट तिच्या साठवलेल्या पैशांतून असावे, आणि परत आल्यावर गाणी किती झाली आणि भाषणे किती वेळ चालली, एवढे तिला जरूर विचारावे.