तो कुणाचं खातो?

मागच्या बैठकीत तीन पाड्यांतून एकच प्रश्न आला. मुंबईचे जे पत्रकार आता कुठल्या पेपरात नाहीत, कुठल्या चॅनेलवर नाहीत, स्वतःच मोबाईलवर बोलतात, त्यांना आपल्या वनहक्क दाव्यांची गोष्ट सांगायची का? त्यांना गावात बोलवायचं का? काही जण म्हणाले, आजच फोन लावा. एक आजी म्हणाली, आधी तो कुणाचं खातो ते विचारा. बैठक हसली. पण आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून या वेळचं संपादकीय त्यावरच लिहितो आहोत.

पॉडकास्ट हा शब्द नवा असला तरी काम जुनंच आहे. रेडिओवर बोलतात तसंच बोलायचं, फक्त वेळ ठरलेली नसते. एकदा बोलून ठेवलं की ज्याला पाहिजे त्याने पाहिजे तेव्हा ऐकावं. टेकडीवर जाऊन, रेंज पकडून उतरवून घेतलं तर घरी रेंज नसतानाही ऐकता येतं. आपल्या पोरांनी हे कधीच शिकून घेतलं आहे. वाचता न येणाऱ्यालाही ते पोचतं. आपली ही पत्रिका कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावी लागते, आणि वाचणारा मधली दोन पानं गाळतो ते आम्हाला ठाऊक आहे.

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. पत्रकार कुणाचं खातो हा प्रश्न मुंबईत शंभर वर्षं जुना आहे. डहाणू-पालघरकडून लोकलने चर्चगेटला गेलेल्यांनी वाटेत चर्नी रोड स्टेशन पाहिलं असेल. त्याच्या पूर्वेला गिरगाव. चाळींचा, मराठी माणसांचा, नाटकांचा आणि पेपरांचा भाग. तिथल्या एका रस्त्याला खाडिलकरांचं नाव आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे मूळचे सांगलीचे, लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'त तयार झालेले. त्यांनी 'कीचकवध' नाटक लिहिलं. रंगमंचावर कीचक असायचा, पण बघणाऱ्यांना त्यात इंग्रजांचा मोठा लाट, लॉर्ड कर्झन दिसायचा. १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. पुढे मुंबईत 'लोकमान्य' दैनिकाची संपादकी त्यांनी केली, ती सोडली, आणि १९२३ च्या मार्च महिन्यात 'नवाकाळ' नावाचा स्वतःचा पेपर काढला. मालक तेच आणि लिहिणारेही तेच. मग १९२९ मध्ये राजद्रोहाचा खटला झाला आणि शिक्षाही त्यांनाच झाली. दुसऱ्याच्या पेपरात लिहिणाऱ्याला मालक काढून टाकतो. स्वतःच्या पेपरात लिहिणाऱ्याकडे थेट सरकार येतं.

त्यांचे नातू नीलकंठ खाडिलकर यांनीही पुढे हाच पेपर चालवला. त्यांचे अग्रलेख छोट्या छोट्या वाक्यांचे असत. पाळी सुटल्यावर दमलेल्या गिरणी कामगाराने घरी जाताना उभ्या उभ्या वाचावेत असे. मोठ्या पेपरांतले विद्वान त्याला नाक मुरडत. पण लालबाग-परळच्या चाळींत पेपर वाचला जात होता, आणि लेखात काय लिहिलं आहे ते दुसऱ्याला समजावून सांगावं लागत नव्हतं. आमच्या मते हे मोठं काम आहे. आपल्यासाठी लिहिणाऱ्या कित्येकांना ते अजून जमलेलं नाही.

परळचंच आणखी एक सांगायला हवं. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू केलं, त्याची जाहिरात पैसे देऊनसुद्धा 'केसरी'ने छापली नव्हती. पेपर दुसऱ्याचा असला की पैसे देऊनही जागा मिळतेच असं नाही. म्हणून ज्याला बोलायचं आहे त्याने आपलं यंत्र आपण उभं करावं, हा धडा दलितांनी आपल्या आधी गिरवला.

आता आजच्या माणसाकडे येऊ. तुमच्यातल्या पुष्कळांनी निखिल वागळे यांना मोबाईलवर ऐकलं आहे, म्हणून त्यांचंच उदाहरण घेतो. १९९० मध्ये त्यांनी मुंबईत 'आपलं महानगर' हा संध्याकाळचा पेपर काढला. मोठ्या भांडवलदाराचं घर पाठीशी नाही, पानं थोडी, आवाज मोठा. १९९१ साली शिवसैनिकांनी पेपरवर हल्ला केला. १९९४ साली विधिमंडळाने हक्कभंगाचा ठपका ठेवून त्यांना तुरुंगात पाठवलं. पेपर काही बंद पडला नाही. मग टीव्हीचे दिवस आले. २००८ मध्ये 'आयबीएन-लोकमत' चॅनेल सुरू झालं, त्याचे ते संपादक झाले. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये त्या चॅनेलच्या कचेरीवरही शिवसैनिक चालून गेले, काचा फोडल्या, माणसांना मारलं. कारण काय, तर सचिन तेंडुलकर म्हणाला की मुंबई सगळ्या भारताची आहे, त्याला शिवसेनाप्रमुखांनी फटकारलं, आणि त्या फटकारण्यावर चॅनेलने टीका केली.

एवढे हल्ले होऊनही माणूस त्याच जागी टिकून राहिला. जागेवरून हलवलं ते लाठीकाठीने नाही. २०१४ मध्ये त्या चॅनेलच्या मूळ कंपनीचा ताबा रिलायन्सकडे गेला, आणि त्याच वर्षी वागळे बाहेर पडले. पुढे दुसऱ्या चॅनेलवर 'सडेतोड' नावाचा कार्यक्रम करत होते, तोही २०१७ मध्ये एकाएकी बंद झाला. मारायला आलेल्या माणसाचा चेहरा दिसतो, पोलिसात नाव देता येतं. मालकी बदलते तेव्हा कुणाचंच नाव देता येत नाही. फक्त एक दिवस कार्यक्रम लागत नाही, तेव्हा लोकांना कळतं.

म्हणून हे लोक मोबाईलकडे वळले. मालक नको, जाहिरातदार नको, समोर एक कॅमेरा आणि एक माईक. ९ फेब्रुवारी २०२४ ला वागळे पुण्यात 'निर्भय बनो' सभेला जात असताना भाजपच्या कार्यकर्त्यांनी भर रस्त्यात त्यांच्या गाडीच्या काचा फोडल्या, शाई आणि अंडी फेकली. गाडीत वकील असीम सरोदे आणि विश्वंभर चौधरीही होते. तरीही तिघं सभेला पोचले आणि बोलले. गुन्हा हल्ला करणाऱ्यांवर नोंदला गेला तसाच वागळ्यांवरही, त्यांनी सोशल मीडियावर लिहिलेल्या मजकुराबद्दल. रेंजरने आपलं पीक उपटायचं आणि कागदावर अतिक्रमणाचा गुन्हा आपल्याच नावावर चढायचा, हे आपल्याला काही नवीन नाही.

तर हा माणूस कुणाचं खातो? मोबाईलवर स्वतंत्र बोलणारा पत्रकार ऐकणाऱ्यांचं खातो. लोक वर्गणी देतात, किंवा जितके जास्त लोक बघतात त्याप्रमाणे यूट्यूबची कंपनी पैसे देते. इथे दोन गोष्टी नीट बघून ठेवा. पहिली, मालक नाही असं म्हटलं तरी यंत्र परदेशी कंपनीचं आहे. सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांप्रमाणे आदेश काढला तर एखादं चॅनेल देशात दिसेनासं होतं. आमचं हे मशीन खडखडतं, शाई हाताला लागते, पावसाळ्यात कागद चिकटतो. पण ते बंद करायचं तर कुणाला तरी डोंगर चढून यावं लागेल. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बघणाऱ्यांच्या आकड्यावर ज्याचं पोट आहे त्याला भांडण लागतं. कोण कुठल्या पक्षात गेला, कोण कुणाला काय बोलला, हे चटकन ऐकलं जातं. उपविभागीय समितीने तीनशे दावे एका ओळीत नाकारले, ही गोष्ट अर्धा तास कोण ऐकणार? स्वतंत्र पत्रकाराला मालकाची भीती नसते हे खरं, पण ऐकणाऱ्याच्या कंटाळ्याची असते. त्यामुळे शहरातल्या या सगळ्या कार्यक्रमांत मंत्रालयाचा जिना रोज दिसतो आणि वनहक्क समितीची पेटी कधीतरीच. ही आमची तक्रार आहे आणि ती आम्ही त्यांच्या तोंडावरही करू.

आठवा २०१८ चा मार्च महिना. ६ तारखेला नाशिकहून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. आपल्या भागातले कितीतरी जण त्यात चालले, कारण चालणाऱ्यांत सगळ्यात मोठी संख्या वनजमीन कसणाऱ्या आदिवासींची होती. पहिले चार दिवस मोठ्या चॅनेलांना ते दिसलेच नाहीत. मुंबई जवळ आली, दहावीच्या पोरांच्या परीक्षेला अडचण नको म्हणून लोक रात्रीच चालत आझाद मैदानावर गेले, फाटक्या तळपायांचे फोटो मोबाईलवर फिरले, तेव्हा सगळे धावले. १२ तारखेला सरकारने लिहून दिलं की वनहक्क दावे सहा महिन्यांत निकाली काढू. कॅमेरे परत गेले. सहा महिन्यांनी दाव्यांचं काय झालं ते विचारायला किती जण आले? २०१९ मध्ये पुन्हा निघावं लागलं, २०२३ मध्ये पुन्हा. आपल्याला पायांचे फोटो काढणारा लागत नाही. सहा महिन्यांनी त्याच समितीच्या दारात परत उभा राहणारा लागतो. असा एखादा पत्रकार मिळाला तर त्याच्या जेवणाची सोय पाडा आनंदाने करील.

आणि एक कडू गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुंबईत नाव असलेल्या पत्रकारावर हल्ला झाला तर दुसऱ्या दिवशी निषेध होतो. राजापूरचे शशिकांत वारिसे बारसूच्या रिफायनरीविरुद्ध, तिथल्या जमिनीच्या व्यवहारांबद्दल लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ ला ज्याच्याविरुद्ध बातमी छापून आली त्याच माणसाच्या गाडीने त्यांना चिरडलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. खुनाचा गुन्हा दाखल झाला, पण लोक भडकल्यानंतर. जमिनीबद्दल लिहिणारा गावातलाच माणूस असेल तर त्याच्याभोवती ना काचेची कचेरी असते, ना वकील. आणि जो लिहीतही नाही, फक्त माईकसमोर नाव सांगून बोलतो, त्याच्याभोवती तर काहीच नसतं. पत्रकार संध्याकाळच्या गाडीने परत जातो. गार्ड आपल्याच पाड्यात राहतो.

त्यामुळे बोलवायचं की नाही याचं आमचं उत्तर असं आहे: बोलवा, पण ग्रामसभेने बोलवावं. एखाद्या पोराने आपल्याच मनाने फोन लावून, एकट्या म्हातारीला माईकसमोर बसवून नको. कोण बोलणार, कुणाचं नाव सांगायचं, कुणाचं झाकायचं ते आधी ठरवा. ज्याच्यावर फॉरेस्टची केस चालू आहे त्याने आपल्या वकिलाला विचारल्याशिवाय बोलू नये. बाईने बोलायचं ठरवलं तर तिला बोलू द्या, मध्ये मध्ये तिचा नवरा नको. पत्रकाराला चहा द्या, पण पहिल्यांदा कागद दाखवा. स्वतंत्र पत्रकाराकडे कचेरी नसते, माणसं नसतात, सगळं एकट्याने शोधायचं असतं. त्याला हातात धरता येईल असा पुरावा दिला तर त्याची हिंमत वाढते, आणि बोललेलं कुणी खोडलं तर त्याला उत्तरही देता येतं. त्याने काय बोललं ते कार्यक्रम आल्यावर ग्रामसभेत सगळ्यांना ऐकवा. चुकीचं असेल तर त्याला कळवा. स्वतंत्र माणसाला तेवढं ऐकून घेता आलं पाहिजे.

कागद म्हणजे कोणते, हे पुन्हा सांगतो. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचे पुरावे: जुन्या दंडाच्या पावत्या, पंचनामे, म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब. कायदा निदान दोन पुरावे मागतो, आणि म्हाताऱ्यांचा जबाब हाही पुरावा आहे. तलाठी नाही म्हणाला तरी आहे. दावा नाकारला असेल तर कारण लेखी मिळालंच पाहिजे, आणि ते मिळाल्यापासून साठ दिवसांत अपील करता येतं. पुष्कळ पाड्यांत दावे नाकारले आहेत पण नकाराचं पत्रच कुणाला मिळालेलं नाही. मुंबईच्या कुणाही पत्रकाराला सांगायची पहिली बातमी हीच आहे. त्यासाठी नावांची यादी लागेल.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक वनहक्क समितीने अशी यादी आणावी: दाव्याचा नंबर, दावेदाराचं नाव, पत्र मिळालं की नाही, मिळालं असेल तर तारीख. लिहिणारं कुणी नसेल तर शाळेतल्या मुलीला बसवा. दंडाच्या पावत्या मूळ आणू नका, झेरॉक्स आणा. यादी तयार झाली की कुणाला बोलवायचं ते त्याच बैठकीत ठरवू, आणि आजीलाही सोबत घेऊन या.