लशीचे आकडे तालुक्यापर्यंत येऊ द्या

मा. संपादक,


करोना लशीवरून आपल्या पत्रस्तंभात चाललेला वाद वाचतो आहे. व्यायामशाळेत एखादा तरुण कोसळला की ‘लशीचाच परिणाम’ म्हणणारे एका बाजूला, आणि लशीबद्दल साधी शंका काढली तरी समोरच्याला अडाणी ठरवणारे दुसऱ्या बाजूला. मी प्राथमिक आरोग्य केंद्रातून औषधनिर्माण अधिकारी म्हणून निवृत्त झालो. लशीच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण लोकांचा विश्वास उडाला त्याचे सगळे खापर व्हॉट्सॲपवर फोडून मोकळे व्हायचे, हे काही पटत नाही.

३ जानेवारी २०२१ चा दिवस आठवून पाहा. कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिनला आपत्कालीन वापराची परवानगी देताना देशाचे औषध महानियंत्रक पत्रकारांना म्हणाले, लशी ११० टक्के सुरक्षित आहेत. औषधाच्या कपाटात शंभर टक्के सुरक्षित असे काही नसते, तापाची गोळीसुद्धा नाही. त्यातून कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेचे आकडे तेव्हा हाती यायचे होते. पुढे ते आले, ‘लॅन्सेट’मध्ये ७७.८ टक्के म्हणून छापूनही आले, आणि लस चांगलीच निघाली. तरी आधी ग्वाही आणि मागाहून पुरावा, हा उलटा क्रम लोक विसरत नाहीत.

याउलट जिथे खरे बोलले गेले, तिथे ते कुणाच्या कानावरच पडले नाही. १७ मे २०२१ ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक पत्रक काढले होते. कोविशिल्डनंतर रक्तात गुठळ्या होण्याच्या २६ संभाव्य घटना आढळल्या, प्रमाण दहा लाख डोसांमागे ०.६१, ब्रिटनमध्ये हेच प्रमाण ४ आणि जर्मनीत १०, असे त्यात स्पष्ट छापले होते. लस घेतल्यापासून वीस दिवसांत धाप लागली, छातीत दुखले, अंगावर बारीक लाल ठिपके उठले, डोकेदुखी थांबेना, तर काय करायचे तेही होते. आपल्याकडचे प्रमाण इतके कमी का, आपली प्रकृती निराळी म्हणून की आपल्या नोंदी तोकड्या म्हणून, असा प्रश्न मला पडला होता आणि अजूनही पडतो. पण निदान आकडा होता. किती वाचकांना हे पत्रक आठवते? त्या आठवड्यात लोक ऑक्सिजनचा बेड शोधत होते, आणि लशीच्या तुटवड्यामुळे महाराष्ट्रात १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले होते.

मग एप्रिल २०२४ मध्ये बातमी आली, की कोविशिल्डच्या मूळ लशीची कंपनी अ‍ॅस्ट्राझेनेका हिने ब्रिटनच्या न्यायालयात गुठळ्यांच्या दुष्परिणामाची ‘कबुली’ दिली. गुठळ्यांचा हा धोका युरोपच्या औषध नियामकाने एप्रिल २०२१ मध्येच जाहीर केला होता, आपल्या मंत्रालयाने मे २०२१ मध्ये. तीन वर्षे उघड असलेली गोष्ट गुपित फुटल्यासारखी फिरली. ओळखीतले धडधाकट लोक गुठळ्यांसाठीची डी-डायमर ही रक्ततपासणी करून आले, काहींनी डॉक्टरांना न विचारता रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू केल्या. हा दुष्परिणाम दिसतो तो लस घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांत. २०२१ मध्ये सुई घेतलेल्याला २०२४ मध्ये त्याची धास्ती बाळगायचे कारण नव्हते. एवढे एक वाक्य गावोगावच्या उपकेंद्राच्या भिंतीवर त्याच आठवड्यात लागायला हवे होते. मला तरी कुठे दिसले नाही.

आता यंत्रणा आतून कशी चालते ते सांगतो, कारण वादात दोन्ही बाजूंना ती ठाऊक नसते. सुईनंतर माणसाला काही झाले की नोंद होते. गंभीर असेल तर वैद्यकीय अधिकारी २४ तासांत जिल्ह्याला कळवतात, जिल्हा समिती कागद गोळा करते, प्रकरण राज्याकडे आणि तिथून राष्ट्रीय समितीकडे जाते. लशीनंतर घडलेली गोष्ट लशीमुळे घडली का, हे तिथे ठरते. ही समिती नुसती शिक्के मारत बसली नाही. मार्च २०२१ मध्ये लस घेतल्यावर तीव्र अ‍ॅलर्जीने दगावलेल्या ६८ वर्षांच्या एका गृहस्थांचा मृत्यू लशीमुळेच झाला, असा निष्कर्ष तिने ३१ प्रकरणे तपासून दिला होता. सुईनंतर अर्धा तास बसवून ठेवायचा नियम कशासाठी आहे, हे लोकांना पटवायला याहून चांगले उदाहरण नाही. पण निष्कर्ष वर जातो तो वरच राहतो. ज्या घरातून माणूस गेला त्या घरी तो पोचलेला मी नोकरीत फारसा पाहिला नाही.

तालुक्यात काल किती मिलिमीटर पाऊस पडला ते आज पेपरात छापून येते. तसे दर महिन्याला जिल्ह्यात किती डोस दिले, किती गंभीर घटना नोंदल्या, त्यांतल्या किती तपासून लशीमुळे ठरल्या, किती नाही, एवढे चार आकडे मराठीत छापायला काय अडचण आहे? ‘लोक घाबरतील’ हे ठरलेले उत्तर मला माहीत आहे. लोक घाबरलेच आहेत, आणि आकडे नाहीत म्हणून जास्त घाबरलेत. शिवाय ही माझी एकट्याची मागणी नव्हे. २ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लसीकरणाचे धोरण मनमानी नसल्याचे म्हटले, लस कुणावर जबरदस्तीने टोचता येणार नाही हेही सांगितले, आणि प्रतिकूल घटनांची माहिती, व्यक्तींची नावे झाकून, लोकांसाठी खुली ठेवण्यास सरकारला बजावले. जबरदस्तीविषयी तर महाराष्ट्राने फार बोलू नये. दोन डोसांशिवाय मुंबईची लोकल बंद, औरंगाबाद जिल्ह्यात एक डोस नसेल तर पेट्रोल आणि रेशन नाही, हे आपणच केले.

‘अचानक मृत्यू’वाल्यांनाही आता स्पष्ट सांगतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) देशातील ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या अशा ७२९ मृत्यूंची तुलना त्याच परिसरातील २,९१६ जिवंत व्यक्तींशी केली. दोन डोस घेतलेल्यांत अचानक मृत्यूची शक्यता कमी निघाली. वाढली ती करोनाने रुग्णालयात राहिलेल्यांत, घराण्यात असा मृत्यू झालेल्यांत, आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू प्यालेल्यांत किंवा जबर व्यायाम केलेल्यांत. हे २०२३ मध्येच प्रसिद्ध झाले. तरी जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी हासनमधील हृदयविकाराच्या मृत्यूंचा धागा लशीशी जोडलाच. कोट्यवधी लोकांनी लस घेतली आहे. त्यांच्यापैकी कुणाला काहीही झाले तरी ते ‘लशीनंतरच’ होणार, कारण लशीआधीचे दिवस आता कुणाकडे शिल्लकच नाहीत.

डोसांतले अंतर आणि बूस्टर यांबद्दल थोडक्यात. कोविशिल्डच्या दोन डोसांतले अंतर आधी ४ ते ६ आठवडे, मग ६ ते ८, आणि ऐन तुटवड्यात १२ ते १६ झाले. अंतर वाढवण्यामागे ब्रिटनमधला अभ्यास होता, पण लोकांनी अर्थ लावला, माल नाही म्हणून. तिसरा डोस जानेवारी २०२२ मध्ये आला, आधी नऊ महिन्यांनी, मग सहा; आधी बहुतेकांना विकत, मग ७५ दिवस फुकट. दर वेळी निर्णय कळला, कारण कळले नाही. आणि बहुतेकांनी तिसरा डोस घेतलाच नाही. २०२५ च्या मे-जूनमध्ये रुग्ण पुन्हा वाढले, तेव्हा मधुमेह असलेले सत्तरीतले शेजारी मला विचारत होते, ‘आता परत घ्यायचा का, आणि कुठला?’ निवृत्त माणसाला विचारावे लागते, यातच सगळे आले.

आता गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा प्रश्न मुलींच्या पालकांपुढे येतो आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अशी लस देशातही बनवली आहे, आणि मुलींना ही लस द्यायलाच हवी. पण २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील बडोदा जिल्ह्यांत याच रोगावरील परदेशी कंपन्यांच्या लशी मुलींना देण्याचा प्रकल्प झाला, तेव्हा संमतिपत्रांवर कित्येक ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लशीशी संबंध दिसला नाही. एक बुडून गेली होती, एक सर्पदंशाने. तरी प्रकल्प गुंडाळावा लागला, संसदीय समितीने २०१३ मध्ये ताशेरे ओढले, आणि ही लस कित्येक वर्षे मागे पडली. म्हणून या वेळी शाळेतून घरी जाणाऱ्या संमतिपत्राच्या मागच्या बाजूला दुष्परिणामांचे आकडे मराठीत आणि मोठ्या टायपात छापावेत, आणि त्याखाली तालुक्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा फोन नंबर द्यावा, जो उचलला जाईल.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी, सांगली जिल्हा