घरबसल्या कामाचे आमिष आणि गरजवंतांची फसवणूक

‘घरी बसून दरमहा तीस हजार रुपये मिळवा, अनुभवाची अट नाही, मुलाखत नाही,’ अशा आशयाचे ई-मेल आज घरोघरी येऊन पडत आहेत. ते वाचून हसणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्या घरातील कमावत्याची नोकरी गेली आहे किंवा आजारपणात शिल्लक संपली आहे, त्या घरात असा ई-मेल आशेने वाचला जातो. फसवणाऱ्यांचे लक्ष्य हेच घर असते. म्हणून या प्रश्नाचा येथे विचार करणे आम्हाला अगत्याचे वाटते.

घरबसल्या काम ही कल्पना मुळात खोटी नाही. १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला आणि त्यातूनच लिज्जत पापडचा व्याप उभा राहिला. तेथील भगिनी पीठ घरी नेतात, पापड लाटून आणतात आणि मजुरी घेतात. कामाचे ठिकाण, मोजमाप आणि मोबदला, सारे काही उघड असते. ई-मेलमधून येणाऱ्या कामाला नेमक्या याच कसोट्या लावून पाहाव्यात.

या फसवणुकीचे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. पहिला ‘डेटा एन्ट्री’चा. उमेदवाराकडून नोंदणी शुल्क किंवा ‘परत मिळणारी’ अनामत घेतली जाते, करारपत्रावर सही घेतली जाते आणि थोड्या दिवसांत शेकडो अर्ज जवळपास बिनचूक भरण्याची अट घातली जाते. मजकूर मुद्दामच अस्पष्ट असतो. काम संपल्यावर ‘चुका फार झाल्या’ असे कळवले जाते आणि मग तथाकथित वकिलाची नोटीस येते: नुकसानभरपाई द्या, नाहीतर न्यायालयात खेचू. वाचकांनी ध्यानात ठेवावे की नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. शिवाय, फसवून संमती मिळवलेला करार रद्द ठरवून घेण्याचा अधिकार भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १९ ने फसवल्या गेलेल्या पक्षाला दिलेला आहे.

दुसरा प्रकार ‘टास्क’चा. हॉटेलांना तारे द्या, चित्रफितींना पसंती द्या, असे हलके काम सांगितले जाते. आरंभी थोडी रक्कम खरोखरच खात्यात जमा होते. तोच गळाला लावलेला दाणा. पुढे मोठ्या मोबदल्यासाठी आधी पैसे भरावे लागतात. पडद्यावर नफा वाढताना दिसतो, पण तो काढू गेल्यास कर किंवा दंड म्हणून आणखी रक्कम मागितली जाते. अशा अर्धवेळ कामाच्या नावाने फसवणूक करणारी शंभरहून अधिक संकेतस्थळे केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये बंद केली. निवृत्त कर्मचारी, महिला आणि बेरोजगार तरुण हे त्यांचे लक्ष्य असल्याचे गृहमंत्रालयाने तेव्हा नमूद केले होते.

हे ओळखण्याची खूण एकच, आणि ती अगदी साधी आहे. मजुरी मालकाकडून मजुराकडे जाते. जो काम देण्याआधी मजुराकडेच पैसे मागतो, तो मालक नव्हे. याखेरीज ई-मेलचा पत्ता कंपनीचा आहे की कोणालाही फुकट मिळणारा, हे पाहावे. कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरील दूरध्वनीवर स्वतः चौकशी करावी. आधार, पॅन आणि सहीचे छायाचित्र अनोळखी व्यक्तीला पाठवू नये. कमिशनच्या लोभाने आपले बँक खाते तर कोणालाही वापरू देऊ नये. चोरीचा पैसा त्यातून फिरला, तर पोलीस प्रथम खातेदाराच्याच दारी येतात.

तरीही कोणी फसलाच, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर त्वरित दूरध्वनी करावा, किंवा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करावी. बँकेलाही त्याच वेळी कळवावे. जितकी त्वरा, तितकी रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता अधिक. ई-मेल, पावत्या आणि संभाषणे पुसून टाकू नयेत. तोच पुरावा आहे.

मात्र तक्रार करायला माणूस आधी बोलला पाहिजे, आणि तेथेच गाडे अडते. नवऱ्याला काय सांगू, सासूबाई काय म्हणतील, या धास्तीने पहिला घाला सोसलेली गृहिणी गप्प राहते, आणि खोट्या नोटिशीला भिऊन दागिना गहाण टाकून दुसऱ्यांदा पैसे भरते. भामट्यांची खरी कमाई या मौनावरच होते. आपल्या घरातील कोणी असे काही सांगू लागले, तर ‘तुला अक्कल नव्हती का?’ हा प्रश्न ओठांवर येण्यापूर्वी १९३० फिरवावा, अशी आमची वाचकांना कळकळीची विनंती आहे.