रूपसेच्या पाण्यातील दोन नौका

१९७१ च्या युद्धाविषयी आपल्याकडे जे लिहिले व बोलले जाते, त्यात ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर झालेला क्षेपणास्त्रांचा मारा हटकून येतो. आणि त्याच्या पाठोपाठ एक किस्साही येतो, तो असा की ६ डिसेंबर रोजी पाकिस्तानी विमानांनी आपल्याच आरमाराच्या ‘झुल्फिकार’ या नौकेस भारतीय समजून तिच्यावर गोळ्यांचा वर्षाव केला. हा किस्सा सांगताना वक्त्यांच्या मुद्रेवर जो आनंद दिसतो तो लपत नाही. शत्रूचा गोंधळ कोणास गोड लागत नाही? परंतु त्यानंतर चारच दिवसांनी आपल्या विमानांनी आपल्याच मित्रांच्या दोन नौका जाळल्या, ही गोष्ट याच वक्त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकलेली नाही.

वास्तविक तिचा नायक मराठी आहे. कमांडर मोहन नारायणराव सामंत यांच्या हाताखाली त्या दिवशी एक लहानसे पथक होते: आपल्या पनवेल गावाचे नाव धारण करणारी नौदलाची ‘पनवेल’, सीमा सुरक्षा दलाची ‘चित्रांगदा’, आणि मुक्तिवाहिनीच्या ‘पद्मा’ व ‘पलाश’. या शेवटच्या दोघी म्हणजे कलकत्ता बंदराच्या साध्या बोटी. त्यांवर तोफा चढवून त्यांना लढाऊ रूप दिलेले. त्यांवरील खलाशी बहुतेक बंगाली, पाकिस्तानी आरमार सोडून आलेले; अधिकारी भारतीय. १० डिसेंबर रोजी पहाटे हे पथक मोंगला बंदरात शिरले आणि तेथून खुलन्याकडे निघाले. दुपारी खुलन्याजवळ डोक्यावर विमाने दिसू लागली. बोटींवर वरून ओळखू यावी अशी पिवळी खूण होती. विमाने आपलीच आहेत, तोफा चालवू नका, असा हुकूम झाल्याचे बांगलादेशी कथनांत सांगतात. विमाने आपलीच होती, हे खरेच ठरले. ती वळली, खाली आली, आणि ‘पद्मा’ व ‘पलाश’ पेटल्या.

‘पलाश’च्या यंत्रकक्षात मोहम्मद रुहुल अमीन हा नोआखालीचा तंत्रज्ञ होता. बोट सोडण्याचा हुकूम झाला तरी त्याने यंत्र सोडले नाही, असे त्याचे देशबांधव सांगतात. जखमी होऊन तो काठास लागला आणि तेथे रझाकारांनी त्यास ठार केले. बांगलादेशाने ज्या सात जणांस ‘बीर श्रेष्ठ’ हा सर्वोच्च मान दिला, त्यांत आरमाराचा हा एकटाच. त्याची कबर रूपसेच्या काठी आहे. त्या देशातील काही लेखनात ही विमाने पाकिस्तानी होती असे अजून आढळते. हे मित्राचे सौजन्य असेल. सत्य मात्र नव्हे. ढाक्याच्या धावपट्ट्या आपल्या वायुदलाने ७ डिसेंबरपर्यंत निकामी केल्या होत्या आणि पूर्वेकडील पाकिस्तानी विमाने जमिनीला खिळली होती. १० तारखेस तेथले आकाश सर्वस्वी आपले होते. हाच पराक्रम आपण दर डिसेंबरात मिरवतो. मग त्याच पराक्रमाचा दुसरा निष्कर्ष तेवढा का गिळावा?

कोणी म्हणतील, हे काही गुपित नव्हे. कबूल. व्हाइस अ‍ॅडमिरल हिरानंदानी यांनी नौदलाच्या इतिहासात हे प्रकरण घेतले आहे, आणि स्वतः सामंत यांचे संदीप उन्नीथन यांच्यासह लिहिलेले पुस्तक २०१९ साली निघाले. परंतु आठवण म्हणजे कागद नव्हे. पथक मोंगल्याच्या पुढे गेले, ही वार्ता विमानतळांपर्यंत पोहोचली होती काय? पोहोचली नसेल, तर कोणत्या मेजावर अडली? भूदलाचे पूर्वेकडील ठाणे कलकत्त्यात, वायुदलाचे शिलाँगला, नौदलाचे विशाखापट्टणमला. तीन शहरांत तीन सेनापती असता मधल्या तारेवर काय गेले आणि काय गेले नाही, हे त्या तारांवाचून कसे कळावे? पिवळी खूण वैमानिकांस सांगितली होती की ती केवळ बोटींवरील माणसांच्या समाधानासाठी होती? सामंत व ‘पनवेल’चे नोरोन्हा या दोघांनाही महावीर चक्र मिळाले, ते यथायोग्यच झाले. परंतु पदकाने वरील एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

अशा चर्चेने सैन्याचे मनोधैर्य खचते, हा आक्षेप नेहमीचा. त्यास उत्तर देण्यास फार लांब जावयास नको. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाम येथे आपल्याच क्षेपणास्त्राने आपले हेलिकॉप्टर पाडले. वायुदलाचे सहा जण आणि खालचा एक नागरिक प्राणास मुकले. त्या सहांत आमच्या नाशिकचा एक तरुण अधिकारी होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वायुदलप्रमुख भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक होती असे उघड सांगितले. त्या कबुलीने वायुदलाचे काय बिघडले? सात महिन्यांत जे साधले, ते १९७१ च्या बाबतीत पन्नासांहून अधिक वर्षांत का साधू नये? का मेलेले बहुतेक परके होते म्हणून?

इस्रायलने ८ जून १९६७ रोजी ‘लिबर्टी’ या अमेरिकन नौकेवर हल्ला केला, ३४ माणसे मेली. इस्रायलने क्षमा मागितली, भरपाई दिली. तरी वाचलेले खलाशी व त्यांचे पाठीराखे प्रश्न विचारीतच राहिले. त्यांचा हेका सर्वांस पटतो असे नाही, आम्हांसही सगळा पटत नाही. पण ते विचारतात, आणि कोणी त्यांना देशद्रोही म्हणून गप्प बसवीत नाही.

जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धेतिहासाविषयी नवे धोरण जाहीर केले. त्यानुसार २५ वर्षांहून जुनी कागदपत्रे तज्ज्ञांनी तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवावयाची आहेत. १० डिसेंबर १९७१ ही तारीख त्या मुदतीच्या कितीतरी मागे पडली आहे. त्या दिवसाचे तारांचे तक्ते, उड्डाणांचे हुकूम आणि चौकशी झाली असल्यास तिचा अहवाल, एवढे कागद मंत्रालयाने अभिलेखागारात ठेवावेत आणि त्यांची एक प्रत ढाक्यास धाडावी, एवढेच आमचे मागणे आहे.