वाकण्याचे गणित : उतारवय, योगाभ्यास आणि मात्रेचा प्रश्न

दरवर्षी २१ जूनला देशभरातील मैदानांवर चटया अंथरल्या जातात. ध्वनिक्षेपकावरून सूचना येते आणि विशीतील विद्यार्थी व सत्तरीतील आजोबा एकाच क्षणी पादहस्तासनासाठी खाली वाकतात. छायाचित्रात ही एकरूपता शोभून दिसते. दोघांच्या मणक्यांवर येणारा भार कदाचित सारखाच असेल. तो पेलण्याची क्षमता मात्र सारखी नसते.

हा प्रश्न आता किरकोळ राहिलेला नाही. २०११च्या जनगणनेनुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांची संख्या १० कोटींहून अधिक होती. २०३६ पर्यंत ती सुमारे २३ कोटींवर जाईल, असा सरकारी तज्ज्ञगटाचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या समुदायाला ‘योग करा’ एवढेच सांगणे म्हणजे रुग्णाला ‘औषध घ्या’ असे सांगण्यासारखे आहे. कोणते, किती आणि कोणी टाळावे, हे त्यात येतच नाही.

शाळेत शिकलेली तरफ येथे उपयोगी पडते. कंबरेतून काटकोनात पुढे वाकलेल्या व्यक्तीच्या धडाचा, डोक्याचा व हातांचा मिळून भार ३० किलो धरू. त्याचा गुरुत्वमध्य कंबरेच्या मणक्यापासून साधारण ३० सेंटीमीटर पुढे असतो. हा भार तोलणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटर मागे असतात. म्हणजे भारभुजा बलभुजेच्या सहापट. ढोबळ मानाने त्या स्नायूंना १८० किलो वजनाइतके बल लावावे लागते, आणि तो सारा दाब मणक्यांवर येतो. त्यातच पाठीची कमान झाली, तर दाब मणक्याच्या पुढच्या कडेवर एकवटतो. हाडे विरळ झालेली असतील, तर मणका नेमका तेथेच खचतो.

ही केवळ कागदावरची आकडेमोड नव्हे. ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ स्त्रियांचा एक अभ्यास अमेरिकेत १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात १६ टक्के स्त्रियांच्या मणक्यांना नवे अस्थिभंग आढळले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात हे प्रमाण ८९ टक्के होते. या दुसऱ्या गटात फक्त नऊ जणी होत्या, त्यामुळे आकडा जपूनच वाचायला हवा. तरीही त्याची दिशा यंत्रशास्त्राच्या गणिताशी जुळते. डोळ्यांबाबतही असाच इशारा आहे. शीर्षासनात नेत्रगोलातील दाब जवळजवळ दुप्पट होतो, असे चेन्नईतील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले. काचबिंदू असलेल्याने या आसनाच्या वाटेला का जाऊ नये, याचे उत्तर त्यात आहे.

मात्र याच माहितीतून दुसरी, अधिक खोल रुजलेली चूक जन्म घेते. ‘आता वय झाले, जपून, बसल्या बसल्या जेवढे होईल तेवढेच करा,’ असा प्रेमळ सल्ला घरोघरी दिला जातो. प्राणायाम आणि शवासन एवढ्यावर ज्येष्ठांचा योग संपतो. वयानुसार स्नायूंची होणारी झीज अशा विश्रांतीने थांबत नाही, उलट वेग घेते. या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव १९८९ मध्ये मिळाले. पुढच्याच वर्षी बॉस्टनमधील संशोधकांचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. नव्वदीच्या घरातील दहा दुर्बल वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा भारी व्यायाम देण्यात आला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. मूळच्या पावणेतीनपट झाले. नव्वदीतही स्नायू हाकेला ओ देतो. फक्त हाक पुरेशी मोठी असावी लागते.

म्हणून जुळवून घेणे म्हणजे सौम्य करणे नव्हे. धोक्याचा भार काढायचा आणि उपयोगाचा भार वाढवायचा, अशी ती दुहेरी क्रिया आहे. भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला हात टेकून, पाठ सरळ ठेवून वाकले की मणक्यावरील भाराचा मोठा वाटा हातांवर जातो. भुजंगासन, शलभासन, सेतुबंधासन यांतून पाठीचे स्नायू बळकट होतात. भिंतीजवळ केलेले वृक्षासन तोल सुधारते. याला जोड हवी ती खुर्चीवरून हात न टेकता उठण्याची, जिना चढण्याची आणि हळूहळू वाढत्या वजनाची. कारण शरीराच्याच भाराची सवय झाली की निव्वळ आसनांतून स्नायूला नवे आव्हान मिळेनासे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शिकेत पासष्टीपुढील व्यक्तींसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूबळाचे आणि किमान तीन दिवस तोल व बळ साधणारे व्यायाम सुचवले आहेत. हाडांचा किंवा हृदयाचा विकार असेल, तर आरंभ वैद्यकीय सल्ल्यानेच व्हावा.

खुर्ची वापरली तर तो ‘खरा योग’ उरत नाही, असा आक्षेप अनेकदा ऐकू येतो. परंपरा मात्र इतकी ताठर नाही. पतंजलींनी आसनासाठी स्थैर्य आणि सुख या दोनच अटी सांगितल्या. बोटे पायाला टेकलीच पाहिजेत, असे कोठेही म्हटलेले नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, पट्टे, ठोकळे व खुर्ची यांचा पद्धतशीर वापर रूढ केला. चेन्नईत टी. के. व्ही. देशिकाचार यांनी आसन व्यक्तीला अनुरूप करण्यावर भर दिला. एकाच साच्याचा आग्रह परंपरेपेक्षा मैदानावरील कवायतीच्या अधिक जवळचा आहे.

येथे संशोधकांचेही उत्तरदायित्व आहे. औषधाच्या चाचणीत मात्रा न सांगणे अक्षम्य मानले जाते. मग योगावरील अभ्यासात ‘बारा आठवडे योग’ एवढ्या नोंदीवर समाधान का मानावे? कोणती आसने, किती वेळ, कोणत्या आधाराने, आव्हान कसे वाढवले, किती जणांना इजा झाली, हे लिहिल्याशिवाय त्या निष्कर्षाची पडताळणी होऊ शकत नाही. विद्यार्थ्यांनी असा अहवाल वाचताना हाच प्रश्न आधी विचारावा.

आणि यशाचे माप? ते छायाचित्रात सापडणार नाही. पंगतीत पाटावर बसून जेवलेली आजी कोणाचा हात न धरता उठते का, नातवंडांसोबत जमिनीवर बसते का, ओल्या न्हाणीघरात पाय सरकला तर स्वतःला सावरते का, हे ते माप आहे. आसन त्यासाठी असते. आजी आसनासाठी नसते.