मुंबईचे नियोजन झाले होते. ते मोडले कोणी?

१/ ‘मुंबई वाटेल तशी वाढली, तिला नियोजन कधी नव्हतेच’ हे विधान इतक्या वेळा उच्चारले जाते की तेच इतिहास म्हणून रूढ झाले आहे. गिरणगावाच्या जमिनींचा इतिहास मात्र ते साफ खोटे पाडतो. थ्रेड.

२/ १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर अनेक गिरण्या कायमच्या थंडावल्या. शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला.

३/ त्याचे उत्तर १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत होते. नियम ५८ नुसार पुनर्विकासात ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला मिळायची होती.

४/ १९९६ मध्ये सरकारने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने सुट्या भूखंडांऐवजी एकत्रित आराखड्याचा आग्रह धरला. तो आराखडा कागदावरच राहिला.

५/ २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटणी गिरणीच्या संपूर्ण जमिनीची नव्हे, तर केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची! शेड पाडून रिकामी होणारी जमीन हिशेबातून वगळली गेली. गिरणीची बहुतांश जमीन शेडखालीच असते. त्यामुळे जनतेचा वाटा कितीतरी आक्रसला.

६/ २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल जनहित याचिकेच्या बाजूने लागला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला व दुरुस्ती वैध ठरवली.

७/ ‘मालकाला नफा नसेल तर विकास कोण करील?’ हा आक्षेप अपेक्षितच आहे. पण १९९१ च्या नियमातही मालकाचा वाटा राखलेला होता. दुरुस्तीने तो वाढवला आणि त्याची किंमत मैदाने व स्वस्त घरे गमावून शहराने मोजली.

८/ म्हणून ‘बेशिस्त वाढ’ हा शब्दप्रयोग मला अमान्य आहे. त्यात कर्ता लपतो. येथे नियम होता, समिती होती, शिफारस होती. मग सहीशिक्क्यानिशी बदल झाला.

९/ आता पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या जमिनींची चर्चा चालू आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी तिथली मनोहर संकल्पचित्रे पाहण्याआधी राजपत्रातील व्याख्या वाचाव्यात. गिरणगाव तिथेच हरले.